चंदावरकर, राजनारायण

चंदावरकर, राजनारायण : (१९५३–एप्रिल २००६). आधुनिक भारतातील, विशेषतः मुंबईतील, कामगारवर्गाच्या इतिहासाचे अभ्यासक व केंब्रिज विद्यापीठातील इतिहासाचे अध्यापक. मूळचे मुंबईचे. उच्च शिक्षण केंब्रिज येथे. तेथेच ट्रिनिटी महाविद्यालयाचे फेलो, दक्षिण आशियाचा इतिहास व राजकारण या विषयाचे प्रपाठक आणि दक्षिण आशियाई अध्ययन केंद्राचे संचालक ही पदे त्यांनी भूषविली. अमेरिकेत एका परिषदेसाठी गेले असता ऐन पन्नाशीत त्यांचे निधन झाले. द ओरिजिन्स ऑफ इंडस्ट्रिअल कॅपिटॅलिझम इन इंडिया (१९९४) व इंपीरिअल पॉवर अँड पॉप्युलर पॉलिटिक्स (१९९८) हे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले दोन ग्रंथ असून हिस्टरी, कल्चर अँड द इंडियन सिटी (२००९) हा लेखसंग्रह मरणोत्तर प्रसिद्ध झाला. ग्रंथसंख्या मोठी नाही. परंतु मुंबईचा गिरणीकामगार हा इतिहासाचा विषय म्हणून ज्या रीतीने मांडला जात होता, ती रीत या लेखनाने बदलली.

चंदावरकरांच्या कार्याचे स्वरूप ध्यानात येण्यासाठी त्यांच्यापूर्वीची समजूत पाहणे अगत्याचे आहे. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीची गिरणी १८५६ मध्ये ताडदेव येथे सुरू झाली आणि मुंबईच्या कापड-उद्योगाचा पाया घातला गेला. १९२० नंतरच्या दशकात शहरात सुमारे ऐंशी गिरण्या होत्या व त्यांत दीड लाखाच्या आसपास माणसे काम करीत. यांतील फार मोठा वर्ग रत्नागिरी जिल्ह्यातून आणि सातारा, पुणे, अहमदनगर अशा घाटावरील जिल्ह्यांतून आलेला होता. उत्तरेकडील मोमीन विणकरही होते. १९२१ च्या जनगणनेत शहरातील रहिवाशांपैकी चार-पंचमांशांहून अधिक लोक शहराबाहेर जन्मलेले आढळले. या आकड्यावरून सरकारी अधिकारी, गिरणीमालक आणि कित्येक समाजसुधारक यांनीही एकच निष्कर्ष काढला होता : हा कामगार खरा शहरी कामगार नव्हे, तो मुळात शेतकरी, गरजेपोटी गिरणीत आलेला, सुगीला व शिमगा-गणपतीला गावी पळणारा. त्याच्यात शिस्त नाही, कामाची गोडी नाही आणि संघटना टिकविण्याची कुवत नाही. १९२९ मध्ये नेमलेल्या शाही मजूर आयोगाच्या (व्हिटली आयोग) अहवालातही या मताचा ठसा उमटलेला आहे. मालकांना हे मत सोयीचे होते, हे उघडच आहे. वेतन कमी का, याचे उत्तर त्यातून कामगारावरच ढकलता येत असे. विशेष म्हणजे पुढच्या काळातील डाव्या विचारांच्या लेखकांनीही तेच गृहीत धरले. फरक इतकाच, की मालकाला त्यात उत्पादनातील अडचण दिसे व डाव्या लेखकाला वर्गजाणिवेतील.

या समजुतीला पहिला जोरदार धक्का अमेरिकन अर्थेतिहासकार मॉरिस डेव्हिड मॉरिस यांनी १९६५ मध्ये दिला. मुंबईला मजुरांचा तुटवडा कधीच पडला नाही व गावाशी असलेले नाते हा उद्योगाच्या वाढीतील अडथळा नव्हता, असे त्यांनी दाखविले. रिचर्ड न्यूमन यांनी १९१८–२९ या काळातील कामगार व संघटना यांवरील ग्रंथ १९८१ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच वर्षी चंदावरकरांचा दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या काळातील गिरणी वस्त्यांमधील राजकारणावरचा दीर्घ निबंध मॉडर्न एशियन स्टडीज या नियतकालिकात आला. त्यांचा मुख्य ग्रंथ त्यानंतर तेरा वर्षांनी प्रसिद्ध झाला. या मधल्या काळात, १८ जानेवारी १९८२ रोजी, डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणीकामगारांचा संप सुरू झाला आणि तो रीतसर मागे न घेताच विरून गेला. ज्या वर्गाच्या घडणीचा शोध घेतला जात होता, तो वर्ग संशोधन चालू असतानाच मोडत होता. ग्रंथाचा काळ १९०० ते १९४० असला, तरी ही पार्श्वभूमी वाचकाला विसरता येत नाही.

मुख्य ग्रंथातील विवेचनाचा आरंभ कामगारापासून नव्हे, तर मालकापासून होतो, ही त्यातील लक्षणीय गोष्ट होय. कापसाचे भाव, चीनमधील सुताची बाजारपेठ, लँकेशरची व नंतर जपानची स्पर्धा, हुंडणावळीचा दर अशा अनेक अनिश्चित गोष्टींवर मुंबईच्या गिरणीचा नफा अवलंबून असे. भांडवल तुटपुंजे व उसनवारीचे; त्यामुळे यंत्रसामग्रीत मोठी गुंतवणूक करण्यापेक्षा बाजार पाहून उत्पादन वाढविणे वा कमी करणे मालकांना परवडे. अशा धोरणाला हवा तेव्हा घेता येईल व नको तेव्हा सोडता येईल, असा मजूर लागतो. पहाटे गिरणीच्या फाटकाशी उभा राहणारा बदली कामगार त्यातून निर्माण झाला. तो गावाकडच्या ओढीमुळे अनियमित होता असे नव्हे. त्याला नियमित काम देणेच धोरणात बसत नव्हते. मालकसंघाने १९३५ मध्ये बदली कामगारांच्या नोंदणीची योजना आणली, तीही या अनियमिततेचा भार मालकांवरच उलटू लागल्यानंतर.

गावाशी असलेल्या नात्याचा अर्थही चंदावरकरांनी उलटा लावला. कोकणातील दोन-चार गुंठ्यांची शेती कुटुंबाला पोसू शकत नव्हती. ती राखण्यासाठीच मुंबईचा पैसा लागे. उलट शहरात आजारपण, म्हातारपण वा बेकारी आली, तर गावाखेरीज आसरा नव्हता. म्हणजे गावाचे नाते हे शहरात टिकून राहण्याचे साधन होते. संपाच्या काळात तर त्याची धार स्पष्ट दिसते. १९२५ मध्ये मालकांनी वेतनात साडेअकरा टक्के कपात जाहीर केली, तेव्हा सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत गिरण्या बंद राहिल्या. हजारो कामगार बोटीने व आगगाडीने गावी गेले आणि तेथे राहूनच त्यांनी संप लांबविला. सरकारने कापडावरील अबकारी कर रद्द केला, मालकांनी कपात मागे घेतली आणि माणसे परतली. ज्या ग्रामीणपणामुळे कामगाराला लढता येत नाही असे म्हटले जात होते, त्याच्याच बळावर तो लढला.

चंदावरकरांच्या लेखनातील सर्वांत समृद्ध भाग गिरणगावाच्या वर्णनाचा आहे. परळ, लालबाग, चिंचपोकळी, भायखळा, डिलाईल रोड, वरळी, शिवडी, नायगाव या भागांत गिरणी व चाळ एकमेकींना लागून होत्या व बहुसंख्य कामगार भोंगा ऐकून पायी कामावर जात. वेतन महिन्याने मिळे, तेही महिना संपल्यावर काही दिवसांनी. नवीन लागलेल्या माणसाला पहिला पैसा हातात पडेपर्यंत दीड महिना उधारीवर काढावा लागे. ही उधारी देणारा वाणी, खोलीत जागा देणारा गाववाला, दोन वेळचे जेवण देणारी खानावळवाली आणि कामावर चिकटवून देणारा जॉबर या सर्वांशी कामगाराचे लागेबांधे जुळत. खोलीचे भाडे वाटून घेणारी माणसे बहुधा एका गावची वा एका भावकीची असत; खोलीतील पाळ्याही गिरणीतील पाळ्यांप्रमाणे बदलत. आखाडे, भजनी मंडळे, गणेशोत्सव, मोहरमच्या टोळ्या यांतून वस्तीचे पुढारपण घडे. घोडपदेव भागातील केशव बोरकर यांच्यासारख्या ‘दादां’चे वजन याच सार्वजनिक जीवनातून वाढले. वस्तीतील असे पुढारी कधी संपाच्या बाजूने, तर कधी विरुद्ध उभे राहत. बोरकर कम्युनिस्टांच्या विरोधात होते.

जॉबर हा गिरणीतील मुकादम. माणसे भरणे, त्यांच्याकडून काम करून घेणे, रजा देणे व काढून टाकणे या सर्व गोष्टी त्याच्या हाती असत आणि त्याबद्दल तो दस्तुरी घेई. पूर्वीच्या लेखनात तो छोटा सुलतान म्हणून येतो. चंदावरकरांनी त्याच्या सत्तेच्या मर्यादा दाखविल्या. अनेक जॉबर एकमेकांशी स्पर्धा करीत. वस्तीतील माणसांचा विश्वास गमावलेल्या जॉबरला ऐनवेळी मजूर मिळत नसत आणि मजूर न पुरविणाऱ्या जॉबरची मालकाला गरज नसे. संपात तो मालकाची बाजू घेऊ लागला, तर त्याचे वस्तीतील स्थान डळमळे. कामगारांची बाजू घेतली, तर नोकरी जाई. त्याच्या या अडचणीतूनच गिरणीतील तंटा रस्त्यावर कसा येतो व रस्त्यावरचा तंटा गिरणीत कसा शिरतो, हे समजते. कामाची जागा व राहण्याची जागा या दोन वेगळ्या जगांत मुंबईचा कामगार कधीच वावरत नव्हता, हा चंदावरकरांचा मुख्य सिद्धांत होय.

या चौकटीत त्यांनी संपांचा इतिहास पुन्हा वाचला. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८० नंतर गिरणीकामगारांच्या सभा भरवून साप्ताहिक सुटीची मागणी केली व १८९० मध्ये रविवारची सुटी मिळविली; जुलै १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा गिरण्यांतील कामगारांनी काम बंद ठेवले. या घटना मराठी वाचकाला परिचित आहेत. तथापि चंदावरकरांचा भर पहिल्या महायुद्धानंतरच्या काळावर आहे. १९१९, १९२०, १९२४, १९२५, १९२८, १९२९, १९३४ आणि १९४० असे आठ सार्वत्रिक संप एकाच शहरातील एकाच उद्योगात झाले. ज्यांच्याकडे कायम स्वरूपाची संघटना नव्हती, वर्गणीचा निधी नव्हता आणि ज्यांच्यात जात, धर्म, भाषा व खाते यांनुसार भेद होते, त्यांना हे कसे साधले, हा त्यांचा प्रश्न आहे. वर्गाची एकजूट ही उद्योगीकरणाबरोबर आपोआप येणारी वस्तू नसून उद्योगीकरण कामगारांची फाटाफूटही तितक्याच जोराने करते. म्हणून एकजूट झाली, तर तिचे कारण शोधले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

१९२८ चा संप या दृष्टीने त्यांना विशेष महत्त्वाचा वाटला. एका मजुरास दोनऐवजी अधिक मागांवर वा चात्यांवर काम करावयास लावण्याच्या योजना गिरण्यांतून सुरू झाल्या होत्या. एप्रिलच्या अखेरीस सुरू झालेला हा संप ऑक्टोबरपर्यंत चालला. ना. म. जोशी यांच्या नेतृत्वाखालील मवाळ संघटना व कम्युनिस्ट यांची संयुक्त संप-समिती बनली. संपाच्या आरंभी नोंदली गेलेली गिरणी कामगार युनियन (लाल बावटा) वर्षअखेर पन्नास हजारांवर सभासदांची संघटना झाली. तिचे अध्यक्ष अर्जुन आत्माराम आळवे हे स्वतः गिरणीत काम केलेले होते. मार्च १९२९ मध्ये मीरत कटाच्या खटल्यात श्रीपाद अमृत डांगे, शां. स. मिरजकर, के. एन. जोगळेकर, आर. एस. निंबकर यांच्याबरोबर आळवे यांनाही अटक झाली. सुशिक्षित पुढाऱ्यांनी अडाणी मजुरांना भडकविले, ही सरकारची उपपत्ती होती. चंदावरकरांनी ती साफ नाकारली. जोशींची संघटना वाटाघाटींवर विसंबून होती आणि वाटाघाटींसाठी मालकाची मान्यता लागते. मालक ती देत नव्हते. कम्युनिस्टांना गिरणीच्या दारात उभे राहू दिले जात नव्हते, म्हणून ते वस्तीत गेले. गिरणी-समित्यांच्या द्वारे खात्याखात्यांतील लहान तक्रारी त्यांनी उचलल्या आणि मालक व सरकार या दोघांशीही सतत विरोध पत्करला. वारंवार पोलीस, गोळीबार व न्यायालय यांचा अनुभव घेणाऱ्या कामगारांना हा विरोध स्वतःचा वाटला. येथे तत्त्वज्ञानाच्या प्रचारापेक्षा अनुभवाचा वाटा मोठा होता.

हे विवेचन पटण्याजोगे असले, तरी त्याची एक बाजू काहीशी एकेरी वाटते. फेब्रुवारी १९२९ मध्ये, म्हणजे मोठ्या संपानंतर अवघ्या चार महिन्यांत, मुंबईत दंगल उसळली व पठाणांवरील हल्ल्यांतून तिला जातीय वळण लागले. १९२८ च्या संपाचे वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विणकाम खात्यात अस्पृश्यांना मज्जाव का, हा प्रश्न संप-समितीपुढे ठेवला होता. धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागे, म्हणून स्पृश्य विणकर त्यांना त्या खात्यात येऊ देत नसत. आणि जास्त वेतन तर त्याच खात्यात होते. चंदावरकर या गोष्टी नोंदवितात. परंतु जात हा त्यांच्या दृष्टीने कामगारांच्या अनेक विभाजनांपैकी एक विभाग राहतो. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध स्वतंत्र मजूर पक्ष व कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा संप केला. अशी युती क्वचितच का झाली, याचे पुरेसे उत्तर त्यांच्या चौकटीतून मिळत नाही. ब्राह्मणेतर चळवळ व कामगार यांच्या संबंधांवर गेल ऑमव्हेट यांनी १९७६ मध्येच लिहिले होते. जात, वस्ती व मराठीतील मार्क्सवादी लेखन यांचा एकत्र विचार पुढे जुनेद शेख यांच्या आउटकास्ट बाँबे (२०२१) या ग्रंथात झाला.

इंपीरिअल पॉवर अँड पॉप्युलर पॉलिटिक्स या दुसऱ्या ग्रंथातील निबंधांत कामगार व राज्यसंस्था यांच्या संबंधांचा विस्ताराने विचार आहे. मुंबईच्या पोलिसांवरील निबंध त्यांत उल्लेखनीय होय. मनुष्यबळ अपुरे असल्याने पोलीस वस्तीतील वजनदार माणसांवर अवलंबून राहत आणि त्यामुळे सुव्यवस्था राखणे म्हणजे एका गटाची बाजू घेणे असा अर्थ होई. १८९६ मध्ये आलेल्या प्लेगवरील निबंधात रोगापेक्षा रोगाच्या भीतीचा व सक्तीच्या उपायांचा इतिहास आहे. घरझडत्या, विलगीकरण व रुग्णालयाची दहशत यांमुळे माणसे शहर सोडून गेली आणि मजुरांना थोपविण्यासाठी मालकांना रोजच्या रोज पैसे मोजण्याची पाळी आली. लोकांचा विरोध हा अज्ञानातून होता, ही अधिकाऱ्यांची समजूत त्यांनी येथेही तपासून टाकून दिली.

सिद्धांताच्या पातळीवर चंदावरकरांचा वाद दोन बाजूंशी होता. इंग्रज कामगारवर्गाच्या घडणीवरील ई. पी. टॉम्सन यांच्या १९६३ च्या ग्रंथाचा भारतीय इतिहासकारांवर मोठा प्रभाव पडला. त्यावरील निबंधात (१९९७) चंदावरकरांनी टॉम्सन यांचे ऋण मान्य केले. परंतु इंग्लंडची वाट ही प्रमाण मानून भारतातील कामगार तिच्या कोणत्या टप्प्यावर अडकला, असे विचारणे त्यांना निरर्थक वाटे. युरोपातील कामगारही तितकाच विभागलेला होता, हे ते पुनःपुन्हा दाखवितात. दुसरा वाद दीपेश चक्रवर्ती यांच्या कलकत्त्याच्या ताग-कामगारांवरील ग्रंथाशी (१९८९). चक्रवर्ती यांनी संघटनेच्या दुबळेपणाचे मूळ भांडवलशाहीपूर्व, श्रेणीबद्ध संस्कृतीत शोधले. संस्कृती अशी अचल मानली, की कामगार पुन्हा अधिकाऱ्यांच्या अहवालातील जुनाच शेतकरी होतो, हा चंदावरकरांचा आक्षेप होता. तो काहीसा तिखट शब्दांत मांडलेला असला, तरी अयोग्य म्हणता येणार नाही.

अध्यापनातही हाच रोख होता. केंब्रिजमध्ये विद्यार्थ्याने निबंध लिहून आणावा व अध्यापकापुढे त्याचे समर्थन करावे, अशी पद्धत आहे. चंदावरकरांच्या अध्यापनात इतिहास व राजकारण हे विषय वेगळे नव्हते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली काम केलेले संशोधक भारत, ब्रिटन व अमेरिका येथील विद्यापीठांतून अध्यापन करू लागले.

साधनांच्या बाबतीत त्यांचा आधार मुख्यतः इंग्रजी दप्तरांचा होता : सरकारी खात्यांच्या व पोलिसांच्या नोंदी, गिरणीमालक संघाचे वार्षिक अहवाल, १९२१ पासून निघणारे लेबर गॅझेट, मीरत खटल्याची कागदपत्रे. सरकारी कागदातून कामगाराचे वर्तन उलगडण्याची त्यांची हातोटी असामान्य होती. तथापि मराठी सामग्रीचा, म्हणजे कामगारांची वृत्तपत्रे, शाहिरी, लोकनाट्ये व आठवणी यांचा, उपयोग त्या मानाने कमी झाला. अण्णा भाऊ साठे, अमर शेख यांचे गिरणगाव त्यांच्या मुख्य ग्रंथाच्या कालमर्यादेबाहेर राहते हे खरे. परंतु स्त्रियांविषयी तसे म्हणता येत नाही. १९२० नंतरच्या दशकात गिरण्यांतील मजुरांपैकी सुमारे पाचवा हिस्सा स्त्रिया होत्या व त्या प्रामुख्याने सूत गुंडाळण्याच्या खात्यांत काम करीत. पार्वतीबाई भोर यांच्या एका रणरागिणीची हकिगत (१९७७) या आत्मकथनातून जे कामगार स्त्रीचे जग समोर येते, त्याला या इतिहासात जेमतेम जागा मिळाली आहे.

त्यांचे निष्कर्ष मुंबईचे आहेत, हेही ध्यानी ठेवावे लागते. निजामी राज्यातील औरंगाबाद व नांदेड येथील गिरण्यांत मालक, सरकार आणि कायदा ही तिन्ही वेगळी होती. मराठवाड्यातील कामगारांचा इतिहास या पद्धतीने लिहिला जाण्याची अद्यापि गरज आहे. मात्र प्रश्न तेच विचारता येतात. खुलताबाद, गंगापूर या तालुक्यांतील कोरडवाहू शेती सांभाळून वाळूज वा चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराकडे काम करणारा मजूर शेतकरी की कामगार, असा प्रश्न छत्रपती संभाजीनगरातही (पूर्वीचे औरंगाबाद) ऐकू येतो आणि त्याच्या अनियमिततेचे कारण त्याच्या गावातच शोधले जाते.

मीना मेनन व नीरा आडारकर यांनी गिरणगावातील शंभर व्यक्तींच्या मौखिक आठवणी संकलित केल्या (२००४). त्या ग्रंथाला चंदावरकरांनी दीर्घ प्रस्तावना लिहिली. गिरणगावातील डाव्या राजकारणाचा उदय व ऱ्हास हा तिचा विषय. १९३८ च्या व पुढे १९४६ च्या कायद्याने एका उद्योगात एकाच संघटनेला मान्यता देण्याची प्रथा पडली आणि तिचा लाभ राष्ट्रीय मिल मजदूर संघाला झाला. वाटाघाटींचा हक्क कायद्याने एकीकडे व कामगारांचा विश्वास दुसरीकडे, ही १९८२ ची स्थिती अशा रीतीने चार दशके आधीच तयार झाली होती. संपानंतर कामगार वस्तीत उरला. परंतु गिरणी बंद झाल्यावर वस्तीतील वाण्याची उधारी, खानावळ, आखाडा यांचा आधारही सुटला. १९९१ च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विक्रीस मोकळ्या झाल्या आणि २००१ मधील दुरुस्तीने कामगारांची घरे व सार्वजनिक जागा यांसाठी सोडावयाचा हिस्सा आणखी घटला. जमिनीच्या या व्यवहारासंबंधीचा न्यायालयीन वाद मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गिरणीमालकांच्या बाजूने निकालात निघाला. पुढच्याच महिन्यात चंदावरकरांचे निधन झाले. वसाहतकालीन राज्यकारभार व लोकशाही यांवरील त्यांचा अखेरचा मोठा निबंध २००७ मध्ये मॉडर्न एशियन स्टडीजमध्ये छापला गेला.